मोरीवरची घोडी

घरातला एखादा धडधाकट माणूस हातपाय गाळून बसला, की त्याला नाव ठेवायला आपल्याला फार वेळ लागत नाही. ताप असेल तर कपाळावर हात ठेवून कळतो. हाड मोडलं असेल तर सूज दिसते. यातलं काहीच सापडलं नाही, की आपण सांगून मोकळे होतो, ढोंग आहे. मळवलीच्या शालूबाईनंही असंच सांगितलं होतं. आणि सांगणारी काही परकी नव्हती. ज्याच्याबद्दल सांगितलं त्या गेणूला, आपल्या धाकट्या दिराला, तिनं तो सात वर्षांचा असल्यापासून स्वतःच्या ताटातला घास भरवून वाढवलं होतं. मानमोडीच्या तापाच्या साथीत शालूबाईचा नवरा गेला. त्याला आता आठ वर्षं झाली होती. घरात राहिली ती दोघं, बैलजोडी आणि नदीकडची दोन खाचरं.

आषाढ निम्मा सरला होता. भाताची रोपं वीतभर झाली होती. सकाळीच अंबाजीआबा दारात येऊन उभा राहिला. डोक्यावर पावसाचं इरलं, हातात काठी आणि चेहऱ्यावर ठरवून आल्याचा भाव.

"शालूबाई, गेणू हाय का घरात?"

"हाय की. मागं लाकडं फोडतोय. बसा आबा."

"बसाया येळ न्हाई. लाकडं फोडाया ताकद हाय त्याला. परवा सावडीला आला न्हाई, काल आला न्हाई. उद्या माझ्याकडं चिखलणी हाय. उद्या बी न्हाई आला, तर तुझं घर सावडीतनं भाईर. मला वाईट वाटतंय, पर आट घरांचं तोंड मी एकटा कसं धरू?"

सावड म्हणजे नऊ घरांनी पाळीपाळीनं एकमेकांच्या खाचरांत राबायचं. प्रत्येक घरातून औताला एक गडी, लावणीला एक बाई. मजुरी द्यायची नाही, मागायची नाही. जो दुसऱ्याच्या चिखलात उतरला, त्याच्या चिखलात सगळे उतरतात. जो उतरला नाही, त्याच्या बांधाकडे कुणी फिरकत नाही. भाताचं रोपही कुणाची वाट पाहत नाही. दहा-बारा दिवसांत लागलं तर लागलं, नाहीतर ते गुरांपुढे टाकावं लागतं. शालूबाईची पाळी यंदा शेवटची, नववी होती. सावडीतून घर गेलं असतं, तर वर्षभर चुलीवर काय शिजणार हा प्रश्न होता.

अंबाजी तसा वाईट माणूस नव्हे. सावडीचा म्होरक्या तोच, भजनाचा म्होरक्याही तोच. एक मात्र त्याचं लोकांना खुपायचं. आरती सुरू झाली, की हा देवळातून उठून बाहेर चपलांपाशी जाऊन उभा राहायचा. देवापुढेही ताठा सोडत नाही, असं बायका पाणवठ्यावर म्हणत. शालूबाईही म्हणत असे, आणि जरा रंगवूनच.

गेणूचं दुखणं गेल्या श्रावणातलं. तेव्हा तो घाटात रुळांच्या कामावर जात होता. एका सकाळी दरड आली. गेणू छातीपर्यंत चिखलात गाडला गेला आणि त्याच्या शेजारी काम करणारा बेडशाचा हौशीराम पुरता खाली गेला. लोकांनी खणून गेणूला बाहेर काढेपर्यंत दुपार कलली होती. हौशीरामला संध्याकाळी काढलं. गेणूला खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. शालूबाईनं मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या, देवाला नारळ वाढवला आणि म्हणाली, सुटलो.

पण सुटला नव्हता गेणू. घाटातलं काम त्यानं सोडलं. घरी राबायचा, ओझी वाहायचा, उन्हाळाभर त्यानं कौलं चढवली, बांध घातले. शालूबाईला वाटलं, झालं गेलं मागे पडलं. मग पाऊस लागला, खाचरं भरली आणि पहिल्याच दिवशी गेणू बांधावर पुतळ्यासारखा उभा राहिला. पाय चिखलात टाकेना. "कंबर भरलीया," म्हणाला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "पोटात दुखतंय." शालूबाई त्याला गाडीनं लोणावळ्याला घेऊन गेली. बाजारपेठेतल्या डॉक्टरांनी छाती तपासली, गुडघे वाकवून पाहिले आणि हात धुता धुता सांगितलं, "याला काहीही झालेलं नाही. कामाला लावा."

बिचाऱ्या डॉक्टरांना जे दिसलं ते त्यांनी सांगितलं. पण शालूबाईनं त्याचा अर्थ आपल्या सोयीनं लावला. काहीही झालेलं नाही, म्हणजे आळस झाला आहे.

म्हणून अंबाजी निघून गेल्यावर तिनं गेणूला परसातून हाक मारली आणि त्याच्या तोंडावर सांगितलं, "उद्या तू आबाच्या खाचरात उतरशील. न्हाईतर ह्या घरात एक तू ऱ्हाशील न्हाईतर मी."

गेणू खाली पाहून म्हणाला, "जातो, वैनी."

आणि तो गेला. तेवढं श्रेय त्याला द्यायलाच हवं. सकाळी बैल घेऊन सगळ्यांच्या आधी बांधावर पोचला, औत जुंपलं, डावं पाऊल चिखलात टाकलं. चिखल घोट्याच्या वर आला आणि गेणू थांबला. पावसाची भुरभुर चालू होती, अंगाला गारवा लागत होता, आणि त्याच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या. उजव्या हाताची मूठ आवळली गेली, इतकी की बोटं पांढरी पडली.

"अरं टाक की दुसरं पाऊल," अंबाजी म्हणाला.

"माप वलांडायला नवरी लाजतीया," मागून कुणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला.

"भ्या असं एकदाच मोडायचं असतंय," दुसरा म्हणाला. "पवाया शिकिवताना पोराला इहिरीत टाकत्यात का न्हाई? ढकला त्याला."

पण कुणी पुढे झालं नाही. सगळ्यांनी बायकांच्या रांगेकडे पाहिलं. घरची वडीलधारी म्हणजे शालूबाई. रोपांची जुडी हातात घेऊन ती उभी होती. आठ घरांचे डोळे आपल्या अंगावर आहेत हे तिला कळत होतं, आणि त्या क्षणी तिला गेणू दिसत नव्हता, ते डोळेच दिसत होते.

"ढकला," शालूबाई म्हणाली.

दोघांनी ढकललं. गेणू हातागुडघ्यांवर चिखलात पडला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. छाती भात्यासारखी वरखाली होत होती आणि श्वास मात्र आत जात नव्हता. डोळे उघडे होते, पण ते मळवलीच्या खाचराकडे पाहत नव्हते. मग तो रांगत बांधावर आला, उठला आणि कुणाकडे न बघता घराकडे चालू लागला. त्याचं धोतर मागून भिजलं होतं. ते नुसतं चिखलानं भिजलेलं नव्हतं. लोक हसत होते, त्यांच्या ते ध्यानात आलं नाही. शालूबाईच्या आलं.

त्या दिवसापासून गेणू धान्याच्या कणगीमागे भिंतीकडे तोंड करून बसला. भाकरी खाल्ली नाही, बोलला नाही. उजवी मूठ उघडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शालूबाईनं शेवटचा उपाय काढला. कामशेतच्या पलीकडे एक देवऋषी होता, झाडपणी करायचा. त्याला बोलावून आणायचं ठरवून तिनं नारळ आणि लिंबं पदरात बांधली आणि आळीच्या टोकाला राहणाऱ्या चाँदभाईकडे गेली. मळवली ठेसनावर उतरणाऱ्या पाहुण्यांना लेणी दाखवायला नेणारा टांगेवाला तो. त्याची बायको रोशनबी सगळं ऐकून एवढंच म्हणाली, "तू जा. गेणूजवळ मी बसते. त्याला एकटं नगं ठेवायला."

टांगा निघाला. गुलाब नावाची ती तांबूस घोडी दुडक्या चालीनं चालली होती. ओढ्यावरची मोरी, रस्त्याखालून पाणी जाणारा तो बुटका पूल, आली आणि गुलाब थांबली. कान मागे पडले, कातडी थरथरायला लागली. शालूबाईला वाटलं, आता चाबूक बसेल. पण चाँदभाई खाली उतरला, पाणी दिसत होतं त्या ओढ्याच्या बाजूनं तिच्या तोंडापाशी जाऊन उभा राहिला आणि तिच्या मानेवर हात ठेवून काहीतरी पुटपुटत तिच्याबरोबर चालू लागला. घोडी एकेक पाऊल मोजत मोरी ओलांडून गेली. मग तो पुन्हा वर येऊन बसला, जणू काही झालंच नाही.

"चाबूक कशाला बाळगता मग?" शालूबाईनं विचारलं.

"ऐटीला. बिनचाबकाचा टांगेवाला सायेब लोकांना खरा वाटत न्हाई."

"पर अशी काय करती ही?"

"तीन पावसाळे झाले. ही मोरी खचली न् हिचे मागले पाय आत गेले. टांगा वर, ही खाली, गळ्यातल्या पट्ट्याला लोंबकळत. पानी नाकापातूर. पट्टा कापून काढली. हाड शाबूत व्हतं. ढोरांच्या डाक्तरानं बघितलं, म्हनला, काय झालं न्हाई हिला."

शालूबाई सावरून बसली.

"पंधरा दिसांनी परत जुंपली. मोरी नवी बांधलेली, पक्की. हितं आली न् हुबी. म्या मारली, शालूताई. खोटं कशाला बोलू? वळ उठंस्तवर मारली. लगाम वढून तोंड फाडलं. एक पाऊल टाकलं न्हाई. घरी गेल्यावर रोशननं त्ये तोंड बघितलं न् मला म्हनली, ह्या मुक्या जीवाला तुमच्याशी काय वैर हाय? तुमच्या चाबकापरीस जास्त भ्या वाटावं असं तिला तितं काय दिसतंय, त्ये बघा की."

"मग काय दिसत व्हतं?"

"मला मोरी दिसत व्हती. तिला पानी दिसत व्हतं."

 शालूबाईनं मागे वळून मोरीकडे पाहिलं.

"आता तरी तिला ठावं असंल की मोरी पक्की हाय," शालूबाई म्हणाली. "रोज तर जाती."

"डोक्याला ठावं हाय. पायांना न्हाई."

"जनावराचं येगळं, चाँदभाई. गेणू मानूस हाय. त्यानं समजून घ्याया पायजे."

"म्हंजी जनावरानं भ्यालं तर चालतंय, मानसानं भ्यायचं न्हाई." चाँदभाई वळून पाहू लागला. "तुमी त्याला ढोंगी म्हनता. एक सांगा, त्यो लाकडं फोडतो का?"

"फोडतो."

"पानी भरतो? ओझी वाहतो?"

"वाहतो."

"मग आळशाला लाकूड हलकं न् चिखल तेवढा जड, असं कुटं असतंय व्हय? ढोंगी मानूस समद्यालाच टाळतो. आन् ढोंग करून पावसात घाम काढता येतो का? काढून दाखवा बरं, मी टांगा थांबवतो."

  शालूबाईला ती पांढरी पडलेली बोटं आठवली. ते भिजलेलं धोतर आठवलं. आणि एक शब्द आठवला, जो तिच्याच तोंडून निघाला होता. ज्या पोराच्या पायाला काटा लागला तर आपण रात्रभर उशाशी बसलो, त्याला आपण चार लोकांदेखत पुन्हा त्याच दरडीखाली ढकललं!

"टांगा वळवा, चाँदभाई."

"आन् देवऋषी?"

"त्यानं कदी घोडी पाळली असंल, असं वाटत न्हाई मला."

परतताना मोरी आली तेव्हा चाँदभाई एका बाजूनं उतरला, शालूबाई दुसऱ्या बाजूनं.

घरी रोशनबी उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. शालूबाईला पाहून उठली आणि काही न विचारता निघून गेली. शालूबाई कणगीमागे गेणूच्या शेजारी जमिनीवर टेकली. त्याच्याकडे तोंड करून नाही, तो पाहत होता त्याच भिंतीकडे तोंड करून.

"गेणू," ती म्हणाली, "ढकला म्हनले ती मी. माझं चुकलं."

 बाहेर बैलांनी गव्हाणीत तोंड घातल्याचा आवाज येत होता.

"हौशाचा हात माझ्या हातात व्हता," गेणू म्हणाला. दोन दिवसांत न वापरलेला आवाज होता तो. "त्यो दिसत नव्हता. हात तेवढा भाईर. लय येळ दाबून धरला त्यानं. मग दाबायचा थांबला. मग गार झाला. आन् मला वर वढलं तवा म्या त्यो सोडला."

"त्यो गेला व्हता रं तवा."

"ठावं हाय, वैनी. मला ठावं हाय." त्यानं मुठीकडे पाहिलं, जणू ती दुसऱ्या कुणाची होती. "पर चिखल लागला की मूठ आपसूक मिटती. उघडाया गेलो की वाटतं, परत सोडतोय."

शालूबाईच्या मनात आलं, ती मूठ हातात घ्यावी, एकेक बोट सोडवावं. पण तिनं हात मागे घेतला. "मग नगं उघडू," ती म्हणाली. उठली, भाकरीचा चतकोर आणला आणि त्याच्या डाव्या हातावर ठेवला. गेणूनं खाल्ला.

दुसऱ्या दिवशी अंबाजीच्या उरलेल्या खाचरात सगळे जमले तेव्हा लोकांनी एक अघटित पाहिलं. शालूबाई लुगड्याचा काचा मारून गुडघाभर चिखलात उभी, आणि औताची मूठ तिच्या हातात. आपल्याकडे बाई जन्मभर शेतात खपते, पण औत धरत नाही.

"शालूबाई, ठेव त्ये खाली," अंबाजी बांधावरून म्हणाला. "बाईनं औत धरल्यावर काय हुतंय, ठावं हाय ना?"

"काय हुतंय, आबा?"

"पाऊस पडत न्हाई."

अंबाजीच्या इरल्यावरून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. शालूबाईनं मान वर करून आभाळाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "मग हे वरनं कोन वततंय?"

बायकांच्या रांगेत खुसखुस झाली. अंबाजी चिडला. "गेणू कुटं हाय?"

"त्यो काय, बांधावर."

गेणू खरंच बांधावर होता. डोक्यावर रोपांच्या जुड्यांची पाटी घेऊन.

"माझ्या घरचा गडी आलाय, आबा. नऊबी घरांची रोपं त्यो वाहील. फुटका बांध त्यो घालंल. चिखलात त्याच्या जागी मी. सावडीला घरचे दोन हात कमी पडत असतील तर सांगा." तिचा आवाज जरा खाली आला. "आन् परवा ढकला म्हनले ती मी व्हते, तवा तुमाला बोल लावत न्हाई. त्याला काय झालंय त्ये डोळ्यांना दिसत न्हाई, येवढंच. न दिसनारं समदं खोटं म्हनायचं, तर भजन तरी कुनापुढं करायचं आपुन?"

 अंबाजी काठीनं बांधावरचं गवत उकरत राहिला. मग त्यानं इरलं काढून ठेवलं, चिखलात उतरला आणि शालूबाईच्या हातातून औत घेतलं. तिला वाटलं, आता शिव्या बसणार.

"मी आरतीला भाईर का जातो, ठावं हाय?" त्यानं विचारलं. आवाज इतका हळू होता, की जवळच्या चार-सहा जणांनाच ऐकू गेला. "मानमोडीच्या साथीत माझ्या दोन्ही पोरींच्या गळ्यात कापराच्या पुरचुंड्या बांधल्या व्हत्या. कुनीतरी सांगितलं व्हतं, त्यानं दुखनं लागत न्हाई. एका आटवड्यात दोगी गेल्या. त्या पुरचुंड्या म्या ह्या हातानं सोडवल्या. तवापास्नं कापूर पेटला, की माझं गुडघं जातात. आट वर्सं झाली. लोकं म्हनले, अंबाजीला ताठा. म्या म्हनू दिलं. भित्रा म्हनल्यापरीस ताठा बरा."

शालूबाईला पाणवठ्यावरचं आपलं बोलणं आठवलं. पायाखालच्या चिखलात तोंड लपवता आलं असतं, तर तिनं लपवलं असतं.

"गेणू," अंबाजीनं मोठ्यानं हाक दिली, "हिकडं आन जुड्या. आन् बांधावरनंच फेक, कुनी तुला खाली ये म्हनलं तर मला सांग."

नवव्या पाळीला शालूबाईची दोन्ही खाचरं लावून झाली. नऊही घरं आली होती. शेवटचा कोपरा राहिला होता तेव्हा गेणू पाटी खाली ठेवून बांधाच्या कडेला आला आणि उभा राहिला. कुणी काही म्हटलं नाही. शालूबाई रांगेतून निघून त्याच्या उजव्या अंगाला, जिथे चिखल जास्त खोल होता तिथे, जाऊन उभी राहिली. गेणूनं पाऊल टाकलं. घाम आला. मूठ मिटली. त्यानं दुसरं पाऊल टाकलं. सहा पावलं झाली, आणि तो वळून बांधावर आला, धापा टाकत. सहाच. पण डाव्या हातातली एक जुडी तो त्या कोपऱ्यात ठेवून आला होता.

पुढल्या वर्षी किती पावलं झाली ते मी सांगत बसत नाही, कारण गेणू पुरता बरा झाला असं सांगून मला तुमची समजूत घालायची नाही. काही पावसाळे बरे गेले, काही अवघड. औत बऱ्याचदा अंबाजीच्या पुतण्यानं धरलं, दोनदा पुन्हा शालूबाईनं धरलं, आणि पाऊस दोन्ही वेळा भरपूर पडला. देवळात आरतीला कापराऐवजी तुपाची वात लावायला कुणी सुरुवात केली, हे कुणालाच नेमकं आठवत नाही. अंबाजी मात्र आता आत उभा राहतो.

बंधुभगिनींनो, तुमच्याआमच्या घरांतही कुणी कणगीमागे बसलेलं असतं. कुणाला एखादी वाट नको असते, कुणाला एखादा वास, कुणाला दार लावल्याचा आवाज. आपण त्यांना आळशी म्हणतो, ताठर म्हणतो, नाटकी म्हणतो. मोठ्या भयातून माणूस बाहेर येतो, पण त्याच्या अंगातून ते भय निघायला वेळ लागतो, आणि तोवर त्याचे हातपाय त्याचं ऐकत नाहीत. त्याला ढकलून ते लवकर निघत नाही. उलट खोल जातं. आपल्या हातात फार थोडं असतं. पण जे असतं ते चाँदभाई रोज करत होता.

गुलाब म्हातारी झाली, तरी मोरीवर थांबते. कधी टांग्यात गेणू असला, तर चाँदभाई ओढ्याच्या बाजूनं उतरतो आणि गेणू दुसऱ्या बाजूनं. घोडी मधून चालते. मोरी संपली, की दोघं पुन्हा वर चढून बसतात आणि अर्धवट राहिलेलं बोलणं पुढे सुरू करतात.